लेन्स खराब नाहीये, हवा हलतेय
पक्ष्यांचे फोटो: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली पत्रं वाचून काढली तर निम्मी एकाच प्रश्नाची भावंडं निघाली, "कुठला कॅमेरा घेऊ?" सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत बसलो तर अंक भरेल, म्हणून त्यातलं एकच पत्र घेतलंय, बाकीच्यांनी त्यात आपापलं उत्तर शोधावं. किमती मुद्दाम लिहीत नाहीये, अंक छापून हातात पडेपर्यंत त्या बदललेल्या असतात.

प्रश्न: मी निफाडला शिक्षिका आहे. नांदूर मध्यमेश्वर जवळच, दर रविवारी जाते. माझ्याकडे जुना कॅननचा डीएसएलआर आणि ५५-२५० मिमी लेन्स आहे, पक्षी फोटोत ठिपक्याएवढे येतात. दुकानदार म्हणतो बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) बदला, मिस्टर म्हणतात मोठ्या झूमचा निकॉन पी९५० घे म्हणजे लेन्सची भानगडच नको, मुलगा म्हणतो ६०० मिमी लेन्सशिवाय काही खरं नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर: मुलाचं अर्धं ऐका, मिस्टरांचं पाव, आणि दुकानदाराला चहा पाजून परत पाठवा.

ताई, आधी एक साधा हिशोब. लेन्सचा आकडा जितका मोठा, तितका पक्षी मोठा दिसतो. आपला छोटा खंड्या, तो निळा-नारिंगी, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण सतरा सेंटिमीटर. तुमच्या २५० लेन्सनं तो दहा मीटरवरून टिपला तर फ्रेमच्या उंचीचा पाव भाग सहज भरतो. आता मुलाची ६०० लेन्स लावा आणि चोवीस मीटरवर उभ्या राहा, खंड्या तेवढाच दिसेल, तसूभर मोठा नाही! म्हणजे तो सगळा खर्च तुम्हाला चौदा मीटर चालण्याचे कष्ट वाचवून देतो, एवढंच. पण हे चौदा मीटर खंड्या चालू देत नाही हा खरा प्रॉब्लेम, म्हणून मुलगा अर्धा बरोबर. बॉडी बदलून मात्र तुमचा ठिपका ठिपकाच राहणार, फार तर जास्त मेगापिक्सेलचा ठिपका होईल.

पी९५० वाईट नाही. ८३ पट झूम, २००० मिमी एवढी पोच, वजन किलोभर, आणि सेन्सरवर धूळ बसायची फारशी भीती नाही. कोणता पक्षी दिसला ते ओळखायला, नोंद ठेवायला झकास. पण आतला सेन्सर (फोटो टिपणारी चिप) नखाएवढा असतो, त्यामुळे लख्ख ऊन असेपर्यंत राजा, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर किंवा ढग आले की फोटोत रवा सांडल्यासारखा दिसतो. उडत्या पक्ष्यामागे त्याचा फोकस धापा टाकतो. तुम्ही इतक्या नेमानं जाताय तर वर्षभरात त्याला कंटाळाल असं मला वाटतं.

माझं मत, आहे ती बॉडी ठेवा आणि कॅनन माउंटची (कॅननच्या कॅमेऱ्याला बसणारी) सेकंडहँड १५०-६०० बघा, सिग्माची कंटेम्पररी किंवा टॅमरॉनची जी२. पुढे कधी मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतलात तर अ‍ॅडॉप्टर लावून हीच लेन्स त्यावर चालते (कधीकधी लेन्सचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून घ्यावं लागतं), म्हणजे पैसे पाण्यात जात नाहीत. दोन किलो वजन झेपणार नसेल तर मग मिररलेसची छोटी बॉडी आणि कॅननची आरएफ १००-४००, ती लेन्स फक्त ६३५ ग्रॅमची आहे, पर्समध्ये मावते.

आणि तुमच्याकडे जे आहे ते नीट वापरा की. नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलं, लोक लांबून गाड्या काढून तिथे येतात आणि तुम्हाला ते दर रविवारी. मनोऱ्यावरून पक्षी बघायला छान, पण फोटो वरून खाली येतो आणि बदकाची नुसती पाठ दिसते. त्यापेक्षा काठावर एक जागा धरून खाली बसा, अगदी मांडी घालून, आणि अर्धा तास हलू नका. शेकाट्या, हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी ही मंडळी चरत चरत आपणहून सरकत येतात. त्या अर्ध्या तासात मोबाइल खिशातच राहू द्या, कारण हाताची हालचाल त्यांना लगेच कळते.

प्रश्न: पुण्यात आयटीत आहे. वर्षभर पैसे साठवून कॅनन आर७ आणि आरएफ २००-८०० घेतली. भिगवणला फ्लेमिंगोचे ८००वर काढलेले सगळेच्या सगळे फोटो मऊ, म्हणजे धूसर, पिसांचा पत्ता नाही. लेन्स डिफेक्टिव्ह आहे का? सर्व्हिस सेंटरला पाठवू का? फोटो सोबत जोडलेत.

उत्तर: नका पाठवू. फोटोंची वेळ बघितली, पावणेअकरा. आणि फ्लेमिंगो किती लांब होते? पाय आणि मान मोजून माझा अंदाज दीडशे मीटरच्या पुढे. लेन्स खराब नाहीये, हवा हलतेय.

उन्हात डांबरी रस्ता लांबून थरथरताना दिसतो ना, तेच पाण्यावर, चिखलावर होतं. जमीन तापते, तिच्यावरची हवा तापते, गरम-थंड हवेचे थर एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक थर प्रकाशाला थोडा थोडा वाकवतो. डोळ्यांना ते जाणवत नाही पण ८०० मिमीला सगळं जाणवतं, त्यात आर७च्या सेन्सरवर साडेबत्तीस मेगापिक्सेल दाटीवाटीनं बसलेत, म्हणजे शंभर टक्के झूम करून बघितलं की हवेची वळवळ मोठी होऊन समोर. जितकी लेन्स लांब आणि जितका पक्षी लांब, तितकी मधली हवा जास्त. लाखांची लेन्स घेऊन लोक शेवटी हवेचेच फोटो काढतात, मी पण काढलेत, दोन हार्डडिस्क भरून आहेत.

अजून एक गंमत सांगतो, लोकांना वाटतं पहाटे हा त्रास नसतो. पण थंडीत भिगवणचं, म्हणजे उजनी धरणाचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, सकाळी त्यावरून वाफ उठताना दिसते, ती वाफसुद्धा तोच खेळ करते. मला स्वतःला तिथे सगळ्यात स्वच्छ फोटो वाफ विरल्यावर आणि ऊन चढायच्या आधी मिळालेत, तेवढी तास-दीड तासाची फट. हलकं ढगाळ असेल तर बोनस. आणि हो, गाडीतून काढत असाल तर एसी किंवा हीटर आणि इंजिन बंद करून काच खाली घेऊन पाच-दहा मिनिटं थांबा, नाहीतर खिडकीतच गरम-थंड हवेचा पडदा तयार होतो आणि तुम्ही बिचाऱ्या लेन्सला शिव्या देता.

मनात शंका राहायला नको म्हणून घरी टेस्ट करा. सकाळी लवकर, गच्चीवर, आठ-दहा मीटरवर वर्तमानपत्र भिंतीला चिकटवा, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, ८००, दहा फोटो. बारीक अक्षरं वाचता आली तर लेन्स ठणठणीत. नाही आली तर मात्र वॉरंटी आहे तोवर खुशाल पाठवा.

पुढच्या खेपेला नावाड्याला सांगा की काका, लांबूनच वल्ही थांबवा आणि होडी आपोआप सरकू द्या. पक्षी खाणं थांबवून माना वर करून एका दिशेनं चालायला लागले की समजायचं, हीच हद्द, तिथेच थांबायचं. आणि कृपया "जरा उडवा ना, पंखांचा गुलाबी रंग हवाय" असं म्हणून जास्तीचे पैसे काढू नका. मी शेजारच्या होडीत हे ऐकलंय, त्या नावाड्यानं नोट परत केली ते पण बघितलंय.

उडतानाचे फोटो हवेच असतील तर नदी सुरयावर हात साफ करा. तो दिवसभर आपणहून उडतच असतो, शिवाय पाण्यावर एकाच रेषेत फेऱ्या मारतो. मॅन्युअल मोड, शटर १/२५०० सेकंद, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं (लेन्समधलं प्रकाशाचं भोक सगळ्यात मोठं), आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटो. आर७वर इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नका, सेन्सर ओळी-ओळीनं हळू वाचला जातो आणि पंख केळ्यासारखे वाकडे येतात, मेकॅनिकल ठेवा, सेकंदाला पंधरा फ्रेम पुष्कळ झाल्या.

प्रश्न: ठाणे. वय ६७. निकॉन डी५०० आणि २००-५०० वापरतो. खांदा दुखायला लागलाय, डॉक्टर म्हणतात उचलू नका. ट्रायपॉड घ्यावा की छंदच सोडावा?

उत्तर: काका, छंद कशाला सोडताय, लेन्स सोडा! २००-५०० माझी पण आवडती, पण कॉलरसकट (लेन्सभोवतीची पायाची कडी) २.३ किलो, वर बॉडीचे ८६० ग्रॅम, म्हणजे तीन किलोच्या वर वजन तुम्ही डोळ्याला लावून उभे राहताय. निकॉनचीच एक ३०० एफ/४ पीएफ (खास काचेमुळे आखूड आणि हलकी) लेन्स आहे, २०१५ मध्ये आलेली, वजन ७५५ ग्रॅम. सेकंडहँड मिळते. तिला १.४चा टेलिकन्व्हर्टर (पोच १.४ पट वाढवणारा जोड) लावलात की ४२० एफ/५.६ होते, डी५००च्या क्रॉप (पूर्ण फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर ती ६३० सारखी दिसते. एकूण वजन पावणेदोन-दोन किलोच्या आत. थोडी पोच कमी झाली खरी, पण घरी कपाटात ठेवलेल्या ५०० पेक्षा गळ्यात असलेली ४२० बरी. सूर्य समोर असेल तर पीएफ लेन्समध्ये कधीकधी विचित्र चकाकी येते, तेवढं सांभाळा.

तोपर्यंत पट्टा कॅमेऱ्याला न लावता लेन्सच्या पायाला लावा आणि तिरका, दुसऱ्या खांद्यावरून घ्या. मोनोपॉड जमिनीवर उत्तम. ऐरोलीच्या खाडीतल्या बोटीत मात्र तो बोटीच्या तळावर टेकवलात की इंजिनाची थरथर थेट लेन्समध्ये चढते, तिथे हातातच धरा, बसून, कोपर पोटाला टेकवून. आपलं शरीर त्या थरथरीला उशीसारखं काम करतं. मोठा ट्रायपॉड आणि गिंबल हेड (जड लेन्स तोलून फिरवणारं डोकं) लपणात तासन् तास बसणाऱ्यांसाठी, तुम्ही तो उचलायला अजून एक खांदा कुठून आणणार?

प्रश्न: चिपळूण. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. तांदळाच्या डब्यात ठेवू का?

उत्तर: तांदूळ भात करायला ठेवा. तो फार ओल शोषत नाही, वर त्याची पीठधूळ लेन्सच्या रिंगमध्ये जाते.

माझीच कथा. बरीच वर्षं झाली, एका जुलैत मी एक ७०-३०० चामड्याच्या पेटीत घालून माळ्यावर ठेवली, म्हटलं सुरक्षित राहील. दसऱ्याला काढून टॉर्च मारला तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी, मध्ये एक ठिपका आणि त्यातून फुटलेले केसाएवढे पांढरे धागे. साफ करून मिळाली पण काचेवरचं कोटिंग बुरशीनं खाल्लं होतं, समोरून उजेड आला की अजून फोटोवर दुधट पडदा येतो. चूक कोणाची, तर माझी. अंधार, ओल, बंद हवा आणि चामडं, बुरशीला अजून काय हवं असतं?

तुमच्या कोकणात वीज टिकत असेल तर छोटा इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट सगळ्यात चांगला, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा, त्याखाली अगदी कोरडं पण नको. ते परवडत नसेल तर रबरी कडेचा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक स्वस्तातला आर्द्रता मोजणारा काटा. जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरता येतं. पण निळं जेल, जे ओलं झाल्यावर गुलाबी होतं, ते पोळीच्या तव्यावर अजिबात तापवू नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. नारिंगी मिळतं ते घ्या, आणि तापवायला वेगळं जुनं भांडं ठेवा.

आणि मुख्य म्हणजे लेन्स वापरा! पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बाहेर काढून उजेडात दहा मिनिटं झूम पुढेमागे करा, अंगणातल्या दयाळाचे चार फोटो काढा. पावसात भिजून आलात तर पुसून, पंख्याखाली रात्रभर सुकवून मगच डब्यात.

प्रश्न: सातारा. बगळा पांढरा फटक येतो, कोतवाल नुसता काळा डाग. कॅमेरा चुकतोय का?

उत्तर: कॅमेऱ्याला बगळा आणि कोतवाल कळत नाही, तो समोरचं सगळं सरासरी राखाडी धरून चालतो. काळ्या पाण्यावरचा उन्हातला बगळा असेल तर फ्रेम बहुतेक काळी, कॅमेरा उजळवायला जातो आणि बगळा जळतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) उणे एकच्या आसपास. तारेवरचा कोतवाल असेल तर मागे लख्ख आभाळ, कॅमेरा घाबरून सगळं काळं करतो, तिथे अधिक एक किंवा थोडं जास्त. जळालेले भाग लुकलुकणारा इशारा मेनूत असतो तो चालू करा, आणि रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल) काढा.

प्रश्न: मापसा, गोवा. सेकंडहँड ६०० लेन्स ऑनलाइन बघितलीय, फोटोत नवीकोरी दिसते. घेऊ का?

उत्तर: हातात न घेता, नको. मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून तिरकं बघा, धुळीचे चार कण चालतात, धागे नाही चालत. हलकेच हलवा, खडखड आली तर विचारा (काही लेन्समध्ये हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर बंद असताना थोडा आवाज येतोच, चालू करून परत बघा). तुमच्याच बॉडीवर लावून जवळ-लांब-जवळ असा फोकस वीस वेळा फिरवा, पूर्ण झूमवर आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोटो काढून लॅपटॉपवर बघा. मूळ बिल मागा, बिलावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्याशी जुळवा. नवी घेतानासुद्धा वॉरंटी कार्ड भारतातलंच आहे ना ते बघा. मला एका दुकानानं, नाव नाही घेत, "इंटरनॅशनल वॉरंटी" म्हणून जे दिलं ते दुरुस्तीच्या वेळी रद्दीच्या भावाचं निघालं. आणि घ्यायच्या आधी तशीच लेन्स एक शनिवार-रविवार भाड्यानं घेऊन बघा. दोन दिवस दोन किलो मानेवर राहिले की बऱ्याच जणांचं प्रेम उतरतं.

प्रश्न: भोर. आमच्या शेताजवळ स्वर्गीय नर्तकाचं घरटं आहे, पिल्लं आहेत. समोर दोन पानं येतात. कुठली लेन्स आणि फ्लॅश वापरू? पानं बांधून बाजूला केली तर चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. ती दोन पानं म्हणजे त्या पिल्लांचं छप्पर. तुम्ही ती तासभर बांधलीत तर ऊन थेट पिल्लांवर, आणि तुम्ही कुठे वाकून बघताय हे कावळा वरून बघत असतो, तुम्ही गेलात की तो येतो. पुष्कळ स्पर्धा घरट्याचे फोटो घेतच नाहीत, आम्ही पण छापत नाही. तिथून लांब, पाण्याच्या जागेजवळ बसा. स्वर्गीय नर्तक दुपारी उशिरा पाण्यात झेप मारून अंघोळ करतो आणि पुन्हा पुन्हा त्याच फांदीवर येऊन पिसं झटकतो, लांब पांढऱ्या शेपटीवरून थेंब उडत असताना! सावलीत १/५०० आणि आयएसओ ३२०० लागलं तरी लावा, रवा नंतर सॉफ्टवेअरनं बराच जातो, हललेला फोटो कशानंच सुधारत नाही. ६०० लेन्सवर दहा मीटरवरून जेमतेम सहा-सात सेंटिमीटर खोली फोकसमध्ये असते, म्हणून नेम डोळ्यावर धरा, शेपटी थोडी धूसर राहिली तर राहू द्या.

प्रश्न: शहादा. मी नववीत आहे. आमच्याकडे रानपिंगळा आहे असं सर म्हणाले. माझ्याकडे बाबांचा मोबाइल आणि सरांची दुर्बीण आहे. कॅमेरा घ्यायला पैसे नाहीत. फोटो निघेल का?

उत्तर: निघेल, आणि या अंकातला सगळ्यात भारी पत्ता तुझा आहे. रानपिंगळा १८८४ नंतर कोणाला खात्रीनं सापडलाच नव्हता, लोकांनी तो संपला असं धरलं होतं, आणि १९९७च्या नोव्हेंबरमध्ये तो परत सापडला तो तुमच्या शहाद्याजवळच्या जंगलात. तो दिवसाउजेडी बसलेला दिसतो, त्यामुळे तुला फ्लॅशबिश काही नको. घुबडांवर फ्लॅश मारूच नये.

दुर्बिणीचे रबरी कप खाली मुडप, मोबाइलचा मुख्य कॅमेरा एका नळीच्या बरोबर मध्ये टेकव, काळं वर्तुळ दिसेल, मोबाइलवर दुप्पट झूम केलंस की ते जातं. दुर्बीण हातात धरू नकोस, कुंपणाच्या दगडावर वाळूची किंवा धान्याची पिशवी ठेवून त्यात रुतव. बटण दाबताना सगळं हलतं म्हणून तीन सेकंदांचा टायमर लाव. आधी घरामागच्या साध्या पिंगळ्यावर सराव कर, तो गावागावात असतो, आणि फरक पण लक्षात राहील. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं, छाती तपकिरी भरीव, आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. म्हणून तीन फोटो मिळव, डोकं, छाती, पाय, सुंदर नसले तरी चालतील. सरांना सोबत ने, जंगल खात्याच्या माणसांना विचारूनच आत जा.

फोटो पाठवशील तेव्हा तारीख, वेळ आणि तो काय करत होता ते लिही. तालुका लिहिलास तरी पुरे, तो कुठल्या झाडावर बसतो ते मला पण सांगू नकोस.